हिवाळी गाव आणि त्याला लावलेला गोंद

टेबलावर ताटे मांडायला जागा नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघे जमिनीवर बसून जेवलो. टेबलावर एकमेकांत दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची बेकरी उभी राहत होती. छपरावरचा बर्फ यांनी लावला, खिडक्या मी लावल्या आणि आमचे चिरंजीव, तेव्हा नुकतेच शाळेत जाऊ लागलेले, घास गालात तसाच धरून खुर्चीवर चढले. बेकरीच्या दारातल्या झाडावर तारा बसवायचा मान त्यांचा होता.

"बाबा, पडणार नाही ना?"

"पडला तर पुन्हा लावू," हे म्हणाले. "ठोकळे त्यासाठीच असतात."

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे आमच्या वकीलबाईंचे म्हणणे आहे. त्यांच्या समाधानासाठी लिहिते: मी, चष्म्याच्या दुकानात उभा जन्म लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवत आलेली, सध्या विधवा, एका गुडघ्याने दुरुस्त आणि दुसऱ्याने नादुरुस्त, पुढच्या आठवड्यातल्या शस्त्रक्रियेपूर्वी माझ्या स्थावर-जंगम मालमत्तेची व्यवस्था लावून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. "रागाच्या भरात लिहीत नाही, असेही लिहावे लागते का?" असे मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, तशी काही अट नाही. बरे झाले. मी रागात आहे आणि शुद्धीतही आहे. दोन्ही एकदम जमते.

याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे चिरंजीवांना दिले होते. तेव्हा गोंद मध्ये आला नव्हता.

कलम १. गाव म्हणजे काय

हा कागद पुढे ज्या अधिकाऱ्याच्या हाती जाईल, त्याला कदाचित वाटेल की एका म्हातारीने खेळण्यांसाठी एवढे आकांडतांडव केले. त्याने कृपया हे कलम सावकाश वाचावे.

मी नन्सच्या शाळेत शिकले. शाळेच्या लांब, गार व्हरांड्यात एक काचेचे कपाट होते आणि नाताळ जवळ आला की सिस्टर त्यात एक गाव मांडायच्या. कापसाचा बर्फ, पुठ्ठ्याची घरे, खिडक्यांना पिवळा कागद. काचेवर सुबक अक्षरात पाटी असे: हात लावू नये. मी सगळ्या इयत्ता त्या काचेला नाक लावून काढल्या. सिस्टर प्रेमळ होत्या, पण किल्ली त्यांच्या कमरेला असे.

लग्नानंतर कधीतरी हे मी यांना सांगितले. हे लिफ्ट दुरुस्त करायचे, बोलायचे कमी. त्या हिवाळ्यात कामावरून येताना काखेत एक पेटी घेऊन आले. झाकणावर बर्फातली बेकरी. म्हणाले, "घे. याला हात लावायचा असतो."

तेव्हापासून दर हिवाळ्याला एक नवा संच आला. खेळण्यांचे दुकान, रेल्वेचे स्टेशन, पोस्ट, गोल फिरणारे घोडे, गोठलेले तळे. थंडी पडली की गाव पायापासून उभे करायचे आणि थंडी सरली की पार शेवटच्या ठोकळ्यापर्यंत सोडवायचे. जुन्या चादरींच्या पिशव्या मी शिवल्या होत्या, प्रत्येक घराची वेगळी. लोक विचारत, इतके छान झालेय, मोडता कशाला? हे म्हणत, "मोडलं नाही तर पुढच्या वर्षी करायचं काय? बघत बसायचं?"

आणि एक रिवाज होता, कोणी न ठरवता पडलेला. टेबलाजवळून जो जाईल त्याने गावातल्या पोस्टमनला एक दार पुढे सरकवायचे. पाणी प्यायला उठलेला असो की आंघोळीला निघालेला. हे गेले, त्या हिवाळ्यातही पोस्टमन थांबला नाही. माझी नणंद रोज दुपारी चहाला येऊ लागली होती. येताना ती सरकवायची, जाताना सरकवायची आणि वर मला टोमणा: "वहिनी, तुझा पोस्टमन सरकारी दिसतो. मी आल्याशिवाय हलत नाही."

कलम २. तक्रार

गेल्या हिवाळ्यात पहिल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. दवाखाना, मग व्यायामाचे केंद्र. गाव टेबलावर उभे ठेवून मी गेले. परत आले तेव्हा टेबल रिकामे होते. पॉलिश केलेले, मधोमध फुलदाणी. चिरंजीव दारातच उभे, चेहऱ्यावर लहानपणी असायचा तसा उजेड.

"आई, डोळे मिट. गाडीत बस. गंमत आहे."

चिरंजीवांचे सोफा-कपाटांचे शोरूम आहे. दारातून आत शिरले की समोर काचेची मोठी पेटी, खालून दिवे. आत माझे गाव. आणि काचेवर पाटी: कृपया हात लावू नये.

मी ती पाटी दोनदा वाचली. चिरंजीवांना वाटले, आई भारावली.

"कायमचं केलं बघ. एकेक ठोकळा गोंद लावून बसवलाय. महिनाभर रविवार नाही बघितला मी. आता भूकंप झाला तरी हलणार नाही."

"गोंद?"

"अगं, दरवर्षी वाकायचं, मोडायचं, पिशव्या भरायच्या. गुडघे बघ तुझे."

"गुडघे माझे. गाव माझं. गोंद कोणाचा?"

"आई, लोक थांबून फोटो काढतात!"

"पोस्टमन कुठंय?"

त्यांनी बोट दाखवले. पोस्टमन तळ्याच्या मधोमध उभा होता, हातात पत्र, पाय बर्फाला चिकटवलेले. ज्याला ओळीने घरे घ्यायची तो तळ्यात. मी म्हटले, "याला तरी सोडायचं होतंस." तर म्हणाले, "तिथे मोकळी जागा होती ना."

सूनबाई मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं हो, आईंना विचारा तरी." चिरंजीवांनी तिच्याकडे असे पाहिले की मला त्यांच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. काठी हातात होती. टेकायची होती म्हणून वापरली नाही.

याची नोंद या कागदात राहावी: चिरंजीवांनी हे वाईट हेतूने केले नाही. वाईट हेतू असता तर मी एव्हाना माफ केले असते. चोर निदान चोरलेली वस्तू वापरतो. यांनी मायेने, महिनाभराचे रविवार घालून, जे पुन्हा पुन्हा करता येत होते ते एकदाचे संपवले. आणि वर मी आभार मानावेत म्हणून उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी ज्या काचेतून मला बाहेर काढले होते, त्याच काचेसमोर पोराने मला परत नेऊन उभे केले.

कलम ३. वन्संविषयी

माझे आणि नणंदेचे लग्नापासून पटलेले नाही. माझ्या चहाला तिने जन्मात बरे म्हटलेले नाही. यांच्या मापाचा स्वेटर मी विणला, तो तिने उसवून पुन्हा विणला. तिच्या घशातून आणि नळातून एकाच आवाजात पाणी जाते, असे मी एकदा चारचौघांत बोलले, ते तिने अजून सोडलेले नाही. हे सगळे जागच्या जागी आहे. मी मरणार म्हणून त्यातले काही मागे घेत नाही.

पण गोंदाचे ऐकल्यावर वन्संनी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून एक आकडी मागून घेतली, आपले केस वाळवायचे यंत्र पिशवीत टाकले आणि बस पकडून शोरूम गाठले. पुढचे मला सूनबाईने सांगितले. ती तिथे होती.

"आजी, काय करताय? पेटी उघडायची नाही," विक्रेता धावत आला.

"वहिनीचा पोस्टमन सोडवतेय. तू जरा वीज कुठंय ते दाखव."

"सरांना विचारावं लागेल."

"तुझ्या सरांचं नाक मी पुसलंय. आणि एक सोफा ओढ इकडे, उभ्याने कंबर धरते."

गिऱ्हाइके गोळा झाली. एकाने त्याच सोफ्याची किंमत विचारली. गरम हवा मारून, आकडी घालून, शिव्या देत वन्संनी पोस्टमन काढला. संध्याकाळी माझ्या हातावर ठेवला तेव्हा त्यांचे बोट पोळलेले होते.

"एक पाय तळ्यातच राहिला गं वहिनी. मेला गोंद चांगल्यातला निघाला."

"वन्सं, चहा टाकते."

"नको. आजचा दिवस आधीच वाईट गेलाय."

तो लंगडा पोस्टमन आता फुलदाणीला टेकून उभा असतो. सरकवायला घर नाही, म्हणून आम्ही त्याला मिठाच्या डबीपासून साखरेच्या डबीपर्यंत नेतो.

कलम ४. बंद पेटी

या हिवाळ्यासाठी मी स्वतः दुकानात जाऊन, काठी टेकत, नवा संच आणला आहे. घड्याळाचा मनोरा, शेजारी एक झाड. चिरंजीवांनी तो कपाटावर पाहिला आणि म्हणाले, "आई, उघडू नकोस हं. सीलबंद ठेव. असे संच पुढे दुर्मिळ होतात."

दुर्मिळ व्हायच्या बेतात मी आहे, संच नाही.

मी शस्त्रक्रियेहून परत आले तर तो मीच फोडीन. नाही आले तर चिरंजीव तो जपतील, याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटते. माझ्यामागे या घरात पुन्हा कोणी ठोकळ्यावर ठोकळा दाबणार आहे की नाही, एवढ्याचसाठी हा सगळा कागद आहे. बाकीची वाटणी तोंडी सांगूनही झाली असती.

कलम ५. कोणाला काय

घर: वन्सं भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांनी या घरात यावे आणि हयातभर राहावे. त्यांना कोणी उठवू नये. स्वयंपाकघर त्यांनी आपल्या मनासारखे लावावे. तसेही त्या लावणारच.

त्यांच्या पश्चात घर चिरंजीवांचे, पण एका अटीवर. दर हिवाळ्यात मनोऱ्यापासून सुरू होणारे नवे गाव उभे राहीपर्यंत चिरंजीवांनी रविवारी इथे यायचे, वन्संच्या शेजारी बसायचे आणि हाताने काम करायचे. फोन दारातल्या टोपलीत. थंडी सरली की सोडवायलाही यायचे. शोरूममध्ये सेल आहे ही सबब चालणार नाही. एक हिवाळा चुकला तर वन्संच्या पश्चात घर सूनबाईचे. सूनबाईने चिरंजीवांना राहू द्यायचे की नाही, ते तिने ठरवावे. मी मध्ये पडणार नाही.

बँकेतली शिल्लक, कानातले आणि बांगड्या: सूनबाईला. मला विचारावे, असे तिनेच म्हटले होते.

माझे बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटा आणि ठोकळे सोडवायची नारिंगी पट्टी: हेही सूनबाईला. घट्ट बसलेले कसे सोडवायचे, हे या घरात कोणाला तरी यायला हवे.

चादरींच्या पिशव्या: वन्संना. रिकाम्या आहेत. मनोऱ्यासाठी बेकरीची घ्यावी, ती सर्वांत मोठी.

शोरूममधले गाव, काचेची पेटी, दिवे आणि पाटीसकट: चिरंजीवांना. त्यांनी ते कायमचे केले, त्यांनाच कायमचे लखलाभ असो. तळ्यातला पाय कोणी खरवडून काढू नये. गिऱ्हाइकाने विचारले तर खरे सांगावे.

बंद पेटी: वन्संना. हे मृत्युपत्र वाचून होताच, त्याच बैठकीत, वकीलबाईंच्या देखत त्यांनी ती फोडावी. कात्री शोधत बसू नये. नखांनी फोडावी.

पोस्टमन: कोणालाच नाही. तो टेबलावर राहील. जाणाऱ्या-येणाऱ्याने सरकवावा. लंगडा आहे, घाई करू नये.

कलम ६. शेवटचे

हे कलम वकीलबाईंनी मोठ्याने वाचावे, आणि वाचताना चिरंजीवांकडे पाहू नये.

अरे, सगळे चिकटवून झाल्यावर तुला तारा सापडला नाही. पिशव्या झटकल्यास, सोफ्यांखाली शोधलास, शेवटी सोनेरी कागदाचा कापून लावलास. मला मात्र विचारले नाहीस. दवाखान्यात जाताना तो मी चष्म्याच्या डबीत ठेवला होता. भूल देण्याआधी चष्मा काढायला लावतात, पण डबी उशाशी राहू देतात. दवाखान्याच्या भिंतीकडे बघत पडले असताना मला काहीतरी हातात हवे होते. म्हणून तेवढा तुझ्या गोंदातून वाचला.

डबी तशीच माझ्या उशाशी आहे. तारा तुला. दुसऱ्या कोणाला त्यावर हक्क नाही, वन्संनाही नाही. मनोऱ्याशेजारी झाड आहे, पेटीवरचे चित्र मी नीट पाहिले आहे. वन्सं झाड पुरे करतील, तोवर गप्प बसून राहा. मग लाव. आता खुर्ची लागणार नाही तुला. नुसता बोटाने दाब. थंडी सरली की स्वतःच्या हाताने काढ आणि डबीत ठेव.

पडला तर पुन्हा लाव.

सही: (वाकडी आहे, पण माझीच. हाताखाली टेबल नवीन पॉलिशमुळे निसरडे झाले आहे.)

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आकडी त्यांना परत मिळाली आहे, वाकलेली.

साक्षीदार दुसरे: शेजारचे शाळेच्या बसचे ड्रायव्हर. सही करून उठताना, कोणी न सांगता, त्यांनी पोस्टमन साखरेच्या डबीपुढे सरकवला.

(वन्सं साक्षीदार नाहीत. ज्याला काही मिळायचे असते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकीलबाई म्हणाल्या. वन्संनी विचारले, "म्हणजे मला काही मिळतंय?" मी सांगितले नाही.)

ठिकाण: जेवणाचे टेबल.

दिनांक: थंडी पडली त्या आठवड्यातला सोमवार, दुपार, वन्सं चहाला आलेल्या असताना.