आठ मिनिटांची विधवा

२ जून
नोकरी लागली, तीही रडायची. डॉक्टरकीची मुलं शिकतात तिथे मी खोटी नातेवाईक. खोलीत दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास, भिंतीत काच. पलीकडून सर बघतात. घंटा झाली की एक विद्यार्थी येऊन माझा नवरा गेल्याचं सांगतो. आठ मिनिटांनी पुन्हा घंटा, दुसरा येतो. गुण मी द्यायचे: बसून बोलला का, नजर चुकवली का, मला रडू दिलं का. सरांनी बजावलंय, घरचं दुःख आणायचं नाही, त्यांनी लिहून दिलेला कागदावरचा नवरा वापरायचा. मी मान डोलावली. पण कागदावर रडायला मी काय नटी आहे?

५ जून
मुलं दगड आहेत. एकाने बातमी सांगता सांगता घड्याळ पाहिलं. शेवटी मी आमच्या ह्यांनाच आठवलं. सहा वर्षांचं मुरलेलं दुःख, लगेच वर आलं. पुढची उंच मुलगी माझ्याबरोबर रडली. तिला पैकीच्या पैकी दिले. घरी येताना हलकं वाटलं.

९ जून
आता सगळीच रडतात. सर खूश. एक मुलगा डोळे पुसत म्हणाला, दाढी करताना शीळ घालायचे ना ते? मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला आठवतच नव्हतं. नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, असं काय करतेस? अख्खी गल्ली जागी करायचा दादा."

१२ जून
कागदावरचा नवरा वापरून पाहिला. उपयोग नाही. मुलं माझ्या तोंडाकडे बघतात आणि ह्यांनाच नेतात. व्हरांड्यात कुणी शीळ घालत होतं. ह्यांचीच असेल. मला ओळखता आली नाही.

१३ जून
रडू आलं नाही. नोकरी सोडते म्हटलं. सर म्हणाले, इतकी मायाळू तुकडी आजवर झाली नाही, उद्याचा दिवस तेवढा काढा. त्यांना कसं सांगू — माझ्याजवळ ह्यांचं एवढंच उरलं होतं —

१४ जून
उंच मुलगी घंटेआधीच आली. माझ्या खुर्चीत बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, आमचे हे कसे आहेत?"
मी तिचा हात धरला. काय सांगायचं ते पाठ होतं. कुणाबद्दल, ते —

घरी आले. भिंतीवर कुणा गृहस्थांचा फोटो आहे. माणूस चांगला दिसतो. बायको असेल बिचारी. तिला सांगायला हवं. समोर बसून, नजर न चुकवता, की बाई, तुमचे —