मृत्युदिनांक : अज्ञात

४ मार्च
मृत्युदिनांकाच्या रकान्यावरून पुन्हा वाद. इंटरनेटवर सगळ्यांनी मिळून भरायचा ज्ञानसंग्रह. त्याचा आराखडा माझा. व्यक्ती, गुणधर्म, मूल्य, मूल्याला स्रोत. पदवी नाही, सगळं आपलं आपण शिकलो — पण एक रकाना उगीच नाही!

गटप्रमुख बाई म्हणाल्या, "अहो, रिकामं म्हणजे रिकामं. त्यात काय एवढं?" म्हटलं, रिकाम्याचे तीन अर्थ. कुणी भरलंच नाही. मृत्यू झाला, तारीख कळली नाही — 'अज्ञात'. किंवा मृत्यूच नाही, माणूस जिवंत — 'निरंक'. एकच चौकट दिली तर मेलेले-जिवंत एका पंगतीला बसतील.

"बसू देत, भांडत तर नाहीत!"

सगळे हसले. मीही हसलो असेन.

५ मार्च
चहा गार झाला. तसाच प्यायलो.

८ मार्च
वहिनी आली. दादा नदीच्या पाहणीला गेला, त्याची बोट सापडली, दादा नाही — त्याला आठ वर्षं झाली. त्याला मृत ठरवायचा अर्ज तिने कोर्टात केलाय, सख्ख्या भावाची सही हवी. म्हटलं, पुरावा नाही.

"नवरा काय करतो विचारलं तर काय सांगू, भाऊजी? पोहतोय?"

मग खाली बघून — "मला पुन्हा लग्न करायचंय. सांगून टाकलं."

राग यायला हवा होता. आला नाही.

१४ मार्च
आराखडा मंजूर. माझे तिन्ही अर्थ तसेच! पहिली चाचणी दादाच्याच नोंदीवर घेतली. त्याने पूल बांधले, म्हणून तो संग्रहात आहे. 'अज्ञात' निवडलं. बिनचूक.

बायकोने मागून वाचलं. "म्हणजे दादा गेले हे धरूनच चाललात तुम्ही. तारीख तेवढी अडलीये."

खरंच. माणूस आहे की गेला तेच ठाऊक नाही — हा चौथा अर्थ. माझ्याच घरातला, आणि तोच सुटला. कुणाच्याही नाही, माझ्या हातून!

१७ मार्च
चौथा अर्थ घातला नाही. सही करून आलो. जिन्यात वहिनीने विचारलं, "जेवलात का?" आठवेना.

३० जून
कोर्टाचा आदेश आला. वहिनीचं लग्न ठरलं. तिच्या शाळेतले ग्रंथपाल. हळू बोलतात. बरे वाटले.

९ जुलै
दादाच्या नोंदीत बदल. अनोळखी खातं, त्याचा हा पहिलाच. जन्मस्थान — 'रुग्णालय' काढून 'चालती बस'.

बरोबर आहे. आईला लाज वाटायची. फक्त आम्हा दोघा भावांना सांगून गेली. वहिनीलाही माहीत नाही. बदल मी केलेला नाही.

स्रोत दिलेला नाही. बिनस्रोताचा बदल ठेवायचा नाही, असा नियम आहे.

पुसला.

रविवारी वहिनीचं लग्न.