शांतता राखा

४ फेब्रुवारी
नवऱ्याला ऑपरेशननंतर घरी आणलं. आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढलंय – लाल, ओलं – आणि त्यावर पिशवी. डॉक्टर त्याला स्टोमा म्हणतात. नवरा काहीच म्हणत नाही. सासूबाईंना फोनवर सांगितलं, कायमचं आहे. म्हणाल्या, "कायमचं म्हणजे साधारण किती दिवस?"

६ फेब्रुवारी
पिशवीच्या चिकट चकतीला स्टोमाच्या मापाचं भोक कापावं लागतं. हे काम माझं. फोटोफ्रेमच्या दुकानात मी दुसरं करते काय? नवरी-नवरे, बाळं, स्वर्गवासी, सगळ्यांभोवती पुठ्ठ्यात खिडक्या कापते. हॉस्पिटलातल्या सिस्टरने कात्रीने कापून दाखवलं होतं. ओबडधोबड! मी माप घेतलं, साचा केला आणि चकत्यांचा सगळा खोका एका बैठकीत कापून टाकला. एकही भोक दुसऱ्यापेक्षा वेगळं नाही.

९ फेब्रुवारी
ते पोटावरचं आवाज करतं. वाटेल तेव्हा. आज शेजारचे काका बघायला आले तेव्हा बराच वेळ चाललं होतं. काका म्हणाले, पाइपात हवा अडकलीय, प्लंबरला बोलवा. आम्ही दोघांनी हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी
नोकरी सोडायची म्हणतो. हा ग्रंथपाल, उभी हयात लोकांना गप्प करण्यात गेली. "ज्या खोलीत मी लोकांना खोकू दिलं नाही, तिथे हे घेऊन बसू?"
म्हटलं, बघू.
"बघायचं काय त्यात? ठरलं."

१९ फेब्रुवारी
पिशवी गळली. चादर, गादी, सगळं.

२० फेब्रुवारी
परत.

२३ फेब्रुवारी
आता जेवणच कमी केलंय. म्हणतो, आत गेलं नाही तर बाहेर येणार नाही. भोवतीची कातडी सोलवटलीय. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो. मी बोलून गेले, तू चकती नीट दाबत नसशील. उशीही घेऊन गेला.

२६ फेब्रुवारी
सिस्टरकडे गेलो. तिने पिशवी काढली, चकती उजेडात धरली.
"हे कोणी कापलं?"
मी म्हटलं, मी.
"सुरेख कापलंय. पण मोठं आहे."
स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो, मग आक्रसत जातो. दर आठवड्याला नवं माप घ्यायचं. भोक मोठं राहिलं की कडेने गळतं, कातडी जळते. हे तिने तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा तिच्या कात्रीला नावं ठेवत होते. आमच्या धंद्यात एकदा माप घेतल्यावर माणूस बारीक होत नाही.
बसमध्ये विचारलं, चिडलास का? म्हणाला, "सोफा फार वाईट आहे."

२७ फेब्रुवारी
नवं माप. पट्टी त्याने धरली. इतके दिवस छताकडे बघायचा. आज खाली बघितलं. "एवढंसंच आहे की," म्हणाला.

७ मार्च
थेंब नाही. कातडी भरतेय. पोटभर जेवतो. उशी परत आली. वाचनालयाचं नाव मात्र काढू देत नाही.

११ मार्च
त्याच्या हाताखालच्या मुलीचा फोन. तब्येत विचारली, आणि जाता जाता म्हणाली, तुम्ही नसल्यापासून वाचनकक्षात लोक बोलायला लागलेत, सर.
हा थिजला. "बोलतात म्हणजे? मोठ्याने?"
फोन ठेवून कपाटातून शर्ट काढला. इस्त्री केली. मी या वहीच्या पानाबाहेर अवाक्षर काढलेलं नाही.

१४ मार्च
गेला.
संध्याकाळी आला, बूट काढले, पाणी प्यायला. मग सांगितलं. दुपारी भरल्या वाचनकक्षात ते सुरू झालं. चांगलं लांबलचक. सगळ्या माना वर.
"मग?"
"मग काय. सवयीने ओठांवर बोट ठेवलं आणि पोटाकडे बघितलं."
"थांबलं?"
"छे. पण बाकीचे गप्प झाले."