पावलूच्या ड्रमवरचे घाव

प्रिय पावलू,

काल तुझा ड्रम घरी आला. कोर्टाच्या मुद्देमालातून सुटला. शिपायाने सुतळी सोडली, वरचा कागद फाडला आणि तो माझ्या हातात ठेवला. मी उचलला तशा त्याच्या पोटाखालच्या तारा थरथरल्या. इतकी वर्षं कोंडलेलं जनावर अंग झाडतं ना, तशा! शिपायानेसुद्धा दचकून बघितलं.

म्हणून आज लिहायला बसले. निकाल लागला तेव्हा लिहिलं नाही, तुझ्या वर्षाच्या मिसाला चर्चमध्ये गेले तेव्हाही लिहिलं नाही. पण हा दारातून आत आला आणि मला कळेना, आता बोलू कोणाशी?

म्हापशाच्या बाजारात तो सापडला होता, आठवतं? बँडसाठी नवा साइड ड्रम घ्यायला आपण दोघं गेलो होतो. दुकानात लाल-सोनेरी चमकीचे, लाकडी, एकाहून एक ड्रम टांगलेले. आणि तू बाहेर भंगारवाल्याच्या ढिगासमोर उकिडवा बसलास! मोडक्या पंख्याखालून हा ओढून काढलास. पातळ धातूचं भांडं, वरचा मुलामा खाऱ्या हवेने टिपक्याटिपक्यांनी उडालेला.

"मेल्या, असले तर हरेक बँडवाल्याकडे पडले आसत," मी म्हटलं.

"म्हणानच होयो," तू म्हणालास. "जो सगळ्यांनी बडवलो आणि तरी मेलो नाय, तो माका होयो."

त्यात काय होतं एवढं? मी तुला किती वेळा विचारलं असेन! ना नावाजलेली वस्तू, ना महागाची. स्क्रू हरवला तर होडीच्या इंजिनचा चालायचा. वरचं पान फुटलं तर कुठल्याही गावात दुसरं मिळायचं. लाकडी ड्रम पावसात फुगायचे, मठ्ठ बोलायचे. तुझा हा मात्र भर पावसात गणपतीच्या मिरवणुकीत असा कडाडायचा, की ट्रंपेटवाले मागे वळून शिव्या द्यायचे. त्याला गोड बोलता येतच नव्हतं. गोळी सुटल्यासारखा एक फटका, आणि लगेच गप्प. मागे गुणगुण नाही, रेंगाळणं नाही. तू म्हणायचास, हा खोटं बोलत नाही, जेवढं मारशील तेवढंच सांगतो.

आणि त्याच ड्रमला त्या दिवशी तू गप्प का केलंस, पावलू?

पलीकडच्या गावातली वरात. उन्हं कलली होती. मी स्पीकरच्या ट्रॉलीमागे माइक घेऊन गात चालत होते, बस्त्यांवकाका क्लॅरिनेट फुंकत होते, नवरदेवाचा चुलतभाऊ आणि त्याचे दोस्त पिऊन तर्र, रस्त्यावर लोळत नाचत होते. वळणावर एका घरासमोरच्या खळ्यात माणसं खाली माना घालून उभी दिसली. मधोमध पांढऱ्या चादरीखाली कोणीतरी. घरातली एक बाई नुसती हात जोडून आपल्याकडे बघत होती. तू काठ्या वर धरल्यास आणि थांबलास. सगळा बँड थांबला. तशी रीतच आहे, त्यात नवल काहीच नव्हतं.

"वाजय रे! कोणी सांगल्यान बंद करूक?" तो चुलतभाऊ ओरडला.

"मयत आसा. घर मागे पडांदे, मग वाजवतंय," तू म्हणालास. किती शांतपणे म्हणालास!

त्याने तुझ्या थोबाडीत मारली. तू गिळलीस. बस्त्यांवकाका मधे पडले, तर त्यांना छातीवर लाथ बसली. क्लॅरिनेट रस्त्यावर, त्याच्यावर बूट. काका पालथे पडले आणि दोघे-तिघे त्यांना तुडवायला लागले. मग त्या चुलतभावाने गाडीतून जॅकचा रॉड काढला. तू गळ्यातला ड्रम काढून काकांच्या डोक्यावर धरलास. पहिला फटका ड्रमवर बसला. तो आवाज अजून माझ्या दातांत आहे. आणि दुसरा फटका तुझ्या डोक्यात.

मी माइकमधून किंचाळले होते. माझी ती किंकाळी साऱ्या गावाने स्पीकरवरून ऐकली. खळ्यातली, मयताला आलेली माणसं धावत आली, त्यांनी त्या चुलतभावाला धरलं. तुझं डोकं माझ्या मांडीवर, कान रक्ताने भरलेला, आणि तू बोटांनी काहीतरी चाचपडत होतास. ड्रम शोधत होतास का रे? इस्पितळात तू शुद्धीवर आलाच नाहीस. मला विचारता आलं नाही. त्याचा राग मला अजून येतो, तुझासुद्धा येतो. त्याच्या तोंडावर ड्रमचे दोन फटके वाजवले असतेस तर काय झालं असतं? हा प्रश्न मी तुला शंभरदा घातलाय आणि दर वेळी मला ती हात जोडलेली बाई दिसते.

पुढचं तुला माहीत नाही. बँडमधली पोरं एकेक करून फुटली. "आमी मागे होतंव, बगूक नाय." बस्त्यांवकाका रडत कोर्टात म्हणाले, "मी पालथो पडललंय, मारणारो दिसलो नाय." ते खरंच होतं. बँडमधून उरले मी. आणि हा ड्रम, ज्याच्यावर रॉडची खोबण पडली होती. समोरचे म्हणत होते, रॉड नव्हताच, तू धक्काबुक्कीत पडलास आणि दगडावर आपटलास.

त्यांच्या वकिलाने ड्रम माझ्यासमोर धरला. "बाई, असे ड्रम जिल्ह्यातल्या प्रत्येक बँडकडे आहेत ना?"

"आहेत."

"जुने, पोचे आलेले, भंगारातले?"

"हो."

"मग हा तुमच्याच भावाचा कशावरून?"

पावलू, मला ठाऊक होतं कशावरून. पण मागच्या बाकावर मांय बसली होती. मी तोंड उघडलं तर आयुष्यभर तिने झाकून ठेवलेलं सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं. शेजारणींना ती कायम सांगायची, विहिरीवर घसरलंय, दार लागला. मी वकिलाकडे बघितलं, मग त्या चुलतभावाकडे. तो जांभई देत होता. जांभई!

"त्याच्या कडेला उभी चीर आहे," मी म्हणाले. "ती कोयत्याची आहे."

"कोयत्याची? ड्रमला कोयता कोणी मारला?"

तिथे माझं शुद्ध मराठी संपलं. "माज्या बापाशीन. तो मारूचो. रोज मारूचो. त्या दिवशी मांयवर कोयतो उगारल्यान. पावलून मदी ह्यो ड्रम धरलो. कोयतो रुतलो तो भायर निघाना, म्हणान माजी आवय जिती आसा."

न्यायाधीशांनी ड्रम मागवून घेतला, चिरेवरून बोट फिरवलं. मग रॉडच्या खोबणीवरून. मी मागे वळून बघितलं नाही, हिंमत नव्हती. त्या खळ्यातल्या बाईनेही साक्ष दिली, तिने रॉड बघितला होता. चुलतभावाला जन्मठेप झाली. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नुसती भूक लागली, किती दिवसांची.

आणि मांय माझ्याशी बोलायची थांबली. जेवण वाढायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "घरातला घरात ठेवचा होता." मीही चिडून ओरडले, "मग पावलूचो खुनी मोकळो सुटलो असतो!" त्यानंतर आमच्यात जे होतं, तेही तुटलं.

काल मी ड्रम ओसरीवर ठेवला. मांय आतून आली. म्हणाली, "समुद्रात टाकून ये." मी नाही म्हटलं. ती पुढे आली आणि तिने मुठी आवळून त्याच्यावर धाडकन मारलं. एकदा, दोनदा, मग मारतच सुटली. "मेल्या! मेल्या! माका मारलंस, माज्या पोराक मारलंस!" कोणाला शिव्या घालत होती ती? बापाला, त्या माणसाला, की तुला? सगळ्यांनाच असतील. शेजारची माणसं कुंपणाशी जमली. तिच्या मुठींची सालटी निघाली, पानावर रक्ताचे ठिपके पडले, ड्रम कडाडत राहिला. मी तिला धरलं नाही. मारू दे, म्हटलं. आयुष्यात तिने कोणावर हात उगारला नव्हता.

दमून ती खाली बसली. हात मांडीवर पालथे. मग म्हणाली, "ह्येचो आवाज असो आसा?"

"तू आयकूक नाय कदी?"

"नाय गो. असलो आवाज झालो की मी सैपाकघरात पळायचंय. माका वाटायचा, तुजो बापूस इलो."

अरे, तू एवढी वर्षं या घरात वाजवत होतास आणि तुझी आई भिऊन चुलीमागे बसायची! तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

मी तिच्या हातांना हळद लावली. तिने लावू दिली. मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायकांकडे बघून ती मोठ्याने म्हणाली, "सिसू कोर्टात बोलली ता खरा आसा. घोव मारूचो माका." एवढंच. आणि उठून पेज ठेवायला गेली.

आज सकाळी बस्त्यांवकाकांना बोलावलं. काठ्या कशा धरायच्या ते दाखवून गेले. माझा डावा हात मागे पडतो, तू असतास तर हसला असतास. फादर म्हणतात, त्या माणसाला माफ कर. ते माझ्याच्याने होणार नाही, आणि तसं ढोंगही मी अल्तारासमोर करणार नाही. तुला वचन दुसरंच देते. यंदा चर्चच्या फेस्ताच्या मिरवणुकीत हा ड्रम मी वाजवीन. मांय सगळ्यांच्या पुढे, ड्रमच्या अगदी जवळून चालेल, आणि ती दचकली तर मी थांबणार नाही. तिला सवय होईपर्यंत, ती स्वतः तालावर पावलं टाकेपर्यंत वाजवत राहीन.

तुझी धाकटी बहीण,
सिसिलिया