दोरीला लागलेला हात

बाबा, ज्या घरात आपण पुढच्या दाराने कधी गेलो नाही, त्या घरातल्या माणसासाठी घाबरण्याचा हक्क मला आहे का? शाळेत दिवसभर मुलांना उत्तरं सांगते, पण या एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, म्हणूनच बहुधा तुम्हाला विचारायचं धाडस होतंय.

सध्या लढाई सुरू आहे. आपल्या वाडीत कंदिलांच्या काचांना काळा कागद लागलाय. वाडीतली चार मुलं नौदलात आहेत. इंग्रजी तार आली की ती माझ्याकडेच आणतात, कारण बी.ए. झालेली मी एकटी. मी कागद उलगडते तेव्हा त्या मुलाची आई माझ्या तोंडाकडे बघत असते. "वाच गो बाय, बरो आसा मां?" मी वाचते, आणि माझ्या मनात दुसरीच तार असते. ती माझ्याकडे येणार नाही. ज्याच्यासाठी मी घाबरते, तो कॉलेजात माझ्या वर्गात होता, आता सैन्यात, सीमेवर आहे. तुम्ही ज्या बागायतदारांकडे मासळी पोचवायचात, त्यांचा मुलगा. आम्ही लग्न करायचं ठरवलंय, हे त्याच्या घरी कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या पत्त्यावर येणारी त्याची पत्रं तीन आठवडे आलेली नाहीत. त्याचं काही बरंवाईट झालं तर तार त्या घरी जाईल, आणि मला ते बाजारात, कुणाच्या तरी बोलण्यातून कळेल. 

एक दिवस अजून डोळ्यांपुढे येतो: मी सात वर्षांची आहे. त्या घराच्या पायऱ्या चढायला धावते आणि तुम्ही दंडाला धरून मला मागे ओढता. "फुडच्यान खंय चल्लंस? आपलां दार मागलां." तुमचा आवाज मला रागाचा वाटला होता. तो घाबरलेला होता, हे आत्ता कळतं.

रापणीवर मात्र तुम्ही कुणाला घाबरत नव्हतात. एकदा ते मोठं जाळं सगळे किनाऱ्यावरून ओढत होते, आणि परगावची एक म्हातारी अगदी शेवटी येऊन दोरीला नुसती लोंबकळली. "आजयेकच जाळ्यात घालून ओढूया!" म्हणत सगळे हसले. वाटणीच्या वेळी तुम्ही तिच्यापुढेही बांगडे माशांचा ढीग ठेवलात. "दोरयेक हात लागलो मां? मगे वाटो गावतलो." हात लागला की वाटा मिळायचाच, हा तुमचा नियम.

आज सकाळी मी त्या पायऱ्या चढले. त्याची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"तू त्या रापणकाराचां चेडू मां? मासळी मागल्या दाराक."

"मासळी हाडूक नाय. तुमच्या झिलाची खबर इचारूक इलंय." मी म्हणाले. "तीन आठवडे माका पत्र नाय."

तांदळातली बोटं थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग सूप बाजूला सारलं.

"माका पण नाय," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. पण बाबा, खरं सांगते, पायऱ्या चढण्याआधी मी मागच्या दारापर्यंत जाऊन परतले होते.