म्हाताऱ्याचा चष्मा

चिरंजीव ठोंब्यास,

आत्याचे आशीर्वाद, आणि सोबत पाठीत एक धपाटा. (आशीर्वाद आत्ता घे, धपाटा भेटीत.) तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि अंथरुणावरची चादर महिन्यातून एकदा तरी बदलत असशील असं धरून चालते. माझे गुडघे कुरकुरतात, पण आपापल्या जागी आहेत. बाबांची चौकशी करायची नाही असं तू ठरवलं आहेस, म्हणून न विचारताच सांगते: दादा ठीक आहे. गेल्या आठ महिन्यांत त्यानेही तुझ्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. फक्त तुझा फोन येऊन गेला की माझ्याभोवती दोनदा घुटमळतो आणि "तिकडे हवा कशी आहे?" म्हणतो. वहिनी असती तर दोघांचे कान धरून समोरासमोर बसवलं असतं. माझा हात दोघांच्याही कानापर्यंत पोचत नाही, ही माझी अडचण.

तर तुझा कॉम्प्युटरवरचा खेळ मिळाला. तीन वर्षं खपून एकट्याने केलेला, चित्रं तुझी, गोष्ट तुझी, सगळे आवाजही तुझेच (राक्षसाला सर्दी झाली आहे, लगेच कळतं), आणि ज्याच्यापायी बाबांच्याच कचेरीतली पुलांचे नकाशे काढायची पक्की नोकरी सोडून तू घरातून निघून गेलास, तोच हा खेळ. आत्या, चुका काढ आणि बाबांना दाखवू नकोस, असं तू लिहिलंस. दोन्ही गोष्टी मी शब्दाला जागून केल्या आहेत. चुका काढण्यात तर माझा हात कोण धरणार? एकतीस वर्षं रुग्णालयाचं भांडार सांभाळलंय मी. चिठ्ठीशिवाय कापसाचा बोळासुद्धा बाहेर गेला नाही. भलेभले सर्जन माझ्या दाराशी उभे राहून खिसे चाचपायचे.

पहिल्याच दिवशी अडले. तुझा नायक, तो जादूगाराचा शिष्य, पाववाल्याच्या झोपडीत शिरतो. घरात कुणी नाही. आता दुसऱ्याच्या घरात कुणी नसताना माणूस काय करतो? थांबतो. मी थांबले. चहा झाला, कपडे घड्या करून झाले, पाववाला काही येईना, आणि हा आपला एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत उभा. शेवटी टेबलावर काय आहे ते नुसतं बघावं म्हणून लाटण्यावर क्लिक केलं, तर मेल्याने ते उचलून सरळ झोळीत टाकलं! मला दरदरून घाम फुटला. लगेच परत ठेवायला गेले तर तुझ्या आवाजात म्हणतो, "इथे याचा उपयोग नाही." उपयोग नाही म्हणजे काय? ती त्याची जागा आहे! मी टेबलावर क्लिक केलं, चुलीवर केलं, खिडकीत केलं. उपयोग नाही, उपयोग नाही, उपयोग नाही. जगाला वाचवायला निघालेल्या माणसाला एक लाटणं जागेवर ठेवता येत नाही, हे मला तरी पटलं नाही.

आणि हे एकच असतं तर मी सोडून दिलं असतं. आठवडाभरात याच्या झोळीत लोहाराचा चिमटा, कोळ्याचं जाळं, राजवाड्यातली घंटा आणि एका बिचाऱ्या विधवेची जिवंत कोंबडी! (कोंबडी झोळीत श्वास कसा घेते?) आमच्याकडे एवढ्यावर तीन वॉर्डबॉय निलंबित झाले असते. मी आपला एक कागद घेतला, कुणाचं काय उचललं ते लिहीत गेले, आणि शेजारी 'परत दिले' असा रकाना आखला. तो रकाना अजून कोरा आहे. लोक म्हणतील हा खेळ आहे, त्यात असंच असतं. असेल. लोकांनी भांडार सांभाळलेलं नाही.

दुसरी चूक म्हणजे दरीवरचा पूल. तो पडेल. हे माझं मत नाही, मला पुलातलं काय कळतंय? हे एका जाणकार माणसाचं मत आहे, जो त्या वेळी सहज खोलीतून जात होता. (कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवावा लागला. माझ्या खोलीतला प्लग सैल आहे. त्याला मी काय करू?) जाणकाराचं म्हणणं, कमानीचा मधला दगड असा उलटा बसवला तर पूल कोंबडीचंही वजन घेणार नाही, आणि तुझा नायक तर घंटेसकट जातो. जाणकार दुसऱ्या दिवशीही सहज जात होता. तिसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन सहज जात होता. सावल्यांवरून वेळ जुळवायचं ते कोडं त्यानेच सोडवलं, आणि मग तासभर घरात असा फिरला की जणू राज्य त्यालाच मिळालंय.

आता खरी चूक सांगते. मनोऱ्यातली ती वरची खोली. खिडकीशी खुर्चीत एक म्हातारा डुलक्या घेतोय. खुर्चीचा डावा हात सुतळीने बांधलेला, एक सपात पायात आणि एक पलंगाखाली, मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर चष्मा. ठोंब्या, अरे ती सुतळी मी बांधली आहे. मला ओळखू येणार नाही का? आणि शेवटच्या कुलपावरचा बर्फ वितळवायला उन्हात धरायची काच हवी, म्हणून तुझ्या नायकाने काय उचलायचं, तर तो चष्मा. मी साफ सांगितलं, जमणार नाही. चार दिवस तिथेच अडून बसले. म्हाताऱ्याला उठवून विचारावं म्हटलं, तर "त्यांना उठवायला नको." घंटा वाजवली, उठेना. बदल्यात कोंबडी देऊ केली, घेईना. शेवटी चौथ्या दिवशी दुपारी जाणकाराने माझ्या हातातून माउस घेतला आणि त्या चष्म्यावर क्लिक केलं. म्हाताऱ्याने डोळे उघडले, रिकामी मांडी चाचपली आणि तुझ्याच आवाजात म्हणाला, "राहू दे. मला आता फारसं बघायचं नाही."

मी समोर बघत राहिले. जाणकाराने स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुसतच राहिला, आणि म्हणाला, "मी असं कधी म्हणालो?" मला फार वाईट वाटलं रे. त्याच्यासाठीही आणि तुझ्यासाठीही. मघाशीच झाला होता तरी मी उठून पुन्हा चहा ठेवला.

पुढे कुलूप उघडलं, राज्य सुटलं, तुझा नायक घोड्यावर बसून झोळीसकट चालता झाला आणि पडद्यावर तुझंच नाव अकरा वेळा आलं. म्हातारा तिथेच बसलेला.

माझा शेरा ऐक. खोकं उघडून बघितल्याशिवाय 'माल उत्तम' असं मी जन्मात कधी लिहिलं नाही. तुझं खोकं तळापर्यंत बघितलं. माल उत्तम. तुझा मला अभिमान वाटतो, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन, सांगितलंही आहे. उणीव एकच: घेतलेलं परत द्यायची सोय नाही. शेवटी एक भाग वाढव. नायक घरोघरी जाईल, दार वाजवेल, थांबेल आणि ज्याचं त्याला देईल. लोकांना कंटाळा येईल म्हणशील, तर येऊ दे थोडा.

थांबते आता. चादर बदल.

तुझी,
आत्या

ता. क. – बाबांना मी खेळ दाखवलेला नाही. त्यांनी तो पाहिला, ही वेगळी बाब आहे. माझा शब्द शाबूत आहे.

ता. क. – सोबतचा कागद माझ्या टेबलावर सापडला. पुलाचा नकाशा दिसतो. कुणी काढला मला ठाऊक नाही, मात्र तीन दिवस घरातली पट्टी जागेवर नव्हती. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय: 'कच्चा आराखडा. बाकी चर्चा प्रत्यक्ष भेटीत.' येत्या रविवारी मी घरीच आहे. दुसरं कुणी असेल तर तेही घरीच असेल.

ता. क. – तुझ्या आत्याने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी लिहितो. लाटण्याचं सावकाश कर. म्हाताऱ्याचा चष्मा आधी परत दे. त्याला बघायचंय. – बाबा