व्याह्यांशी तावला

६ सप्टेंबर, शुक्रवार

फरहीनचं जमलं. मुलगा भिगवणचा, खाजाभाईंचा अल्ताफ. इंजिनिअर. जानेवारीत मस्कतला नोकरीवर रुजू होणार, म्हणजे लग्न डिसेंबरात व्हायला हवं. नाहीतर पहिली दोन वर्षं सुट्टी नाही. पण मुलीकडच्यांनी तारखेची घाई करायची नसते. केली की लोक म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय. म्हणून गप्प बसलो.

त्यांच्या घरी चहा झाल्यावर खाजाभाईंनी लाकडी पेटी उघडली. आत पट, सोंगट्या, फासे. तावला. इंग्रजीत बॅकगॅमन. कुवेतला ड्रायव्हर होते, तिथलं व्यसन. म्हणाले, भिगवणात मासळी ढिगानं मिळती, पन तावला खेळनारा एक मानूस मिळत न्हाय.

मी म्हणालो, मी खेळतो की. कॉलेजात चॅम्पियन होतो.

सोयरिकीत जरा पुढं होऊन बोलावं लागतं. त्याला खोटं म्हणत नाहीत.

ते एकदम खूश. म्हणाले, मग दर शुक्रवारी नमाज झाली की या. एक डाव जिंका, तारीख तुमी म्हनाल ती.

एकच डाव. चुटकीसरशी होईल.

८ सप्टेंबर, रविवार

मोबाइलवर ॲप घेतलं. लुडोचा मोठा भाऊ आहे झालं. आपल्या सोंगट्या पट फिरवून घरात आणायच्या आणि बाहेर काढायच्या. एकटी सापडलेली सोंगटी मारता येते. मेलेली मधल्या पट्टीवर बसते. ती आत येईपर्यंत बाकीच्यांनी हलायचं नाही. समजलं.

ॲपकडून हरलो. मशीनला भावना नसतात, त्यामुळं त्याचं फावतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला डाव. सहा पडला म्हणून फासे परत उचलले. खाजाभाई म्हणाले, हितं सहाला परत दान नसतंय, अफजलभाई. मी म्हणालो, बारामतीत असतं. ॲपमध्ये माझ्या सोंगट्या उजवीकडं जातात, इथं डावीकडं न्यायच्या होत्या. अर्धा डाव उलटाच चालवला. त्यांच्या लक्षात आलं नाही. माणूस लाखाचा, पण नजर कच्ची.

हरलो. मुद्दामच. पहिल्याच भेटीत मुलाच्या बापाला हरवणं बरं दिसत नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार. दुकानात.

सराव जोरात. पणदऱ्याचे कुंडलिकराव जळालेली मोटार घेऊन आले आणि काउंटरवर ठेवून उभे राहिले. शेवटी म्हणाले, तकडं भाजीपाला वाळायलाय आन तुमी गेम खेळताय व्हय? मी म्हणालो, मुलीच्या लग्नाचं चाललंय. त्यांनी मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि मोटार उचलून समोरच्या दुकानात गेले.

कुठल्याही साधनेत लोक आडवे येतातच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज भयंकर झालं. माझी सोंगटी मधल्या पट्टीवर आणि खाजाभाईंनी समोरची सगळी घरं बंद केलेली. काहीही दान पडो, आत जायला जागा नाही. ते एकटेच खेळतायत आणि मी बघतोय. चिलापी माशाचं कालवण आलं, जेवलो, हात धुऊन आलो. सोंगटी तिथंच. उठावं म्हटलं तर सोफ्याचा कोपरा, पुढं टेबल, शेजारी खाजाभाई. ओठांवर आलं होतं की साहेब, मला खेळता येत नाही, तारीख सांगा आणि सोडा. पण चॅम्पियन म्हणून बसलेला माणूस असं कसं म्हणणार?

परत येताना गाडीवर रडू आलं. वारा फार होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

ताप आलाय म्हणून जायचं नाही असं ठरवलं. मेहबूबबीनं, बायकोच ती, कपाळाला हात लावला आणि गाडीची किल्ली आणून दिली. गेलो. हरलो. तापात कोण जिंकणार?

१३ ऑक्टोबर, रविवार

फरहीन म्हणाली, अब्बा, सरळ इचारा की त्यांना तारीख. तिला रीतभात समजावली. मुलीच्या बापाची मान, समाजातली इज्जत वगैरे. ती म्हणाली, बरं. आणि आत गेली. काहीतरी दाबून धरल्यासारखा चेहरा होता. पोरगी आतून झुरतेय. माझ्याच्यानं बघवेना. उद्यापासून फजरची नमाज झाली की सराव.

१४ ऑक्टोबर, सोमवार

उद्यापासून.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

जिंकलो! जिंकलो!

निघताना मेहबूबबी म्हणाली होती, आज जिंकलात तर पंधरा डिसेंबर म्हना, रविवार हाय. बायकोचा विश्वास असावा तर असा.

खाजाभाईंचा खेळ उतरणीला लागलाय. सोंगट्या एकेकट्या उघड्यावर सोडत होते. मी मारायच्या विसरलो, तर बोटानं दाखवत होते. शेवटची सोंगटी काढली आणि उभं राहून म्हणालो, पंधरा डिसेंबर! ते म्हणाले, व्हय, तीच धरा. स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला, शबीनाभाभींना, आनंदानं ठसका लागला.

बापानं मुलीसाठी काय करावं, ते मी केलं.

२७ ऑक्टोबर, रविवार

हॉल बुक करायला गेलो. मॅनेजर रामहरी म्हणाला, पंधराला बुकिंग हाय. कुणाचं? म्हणाला, तुमचंच. भाभी मागच्याच महिन्यात येऊन गेल्या.

घरी आलो. मेहबूबबी भाजी निवडत होती. म्हणाली, तारीख शबीनाभाभीनं आन मी तवाच ठरवलीया. तुमाला एवढी हौस हुती, मोडवलं न्हाय. पहिल्याच दिवशी खाजाभाईंनी घरात सांगितलं होतं म्हणे, व्याही उलटे खेळत्यात, पन बसत्यात तर.

आणि परवाचा डाव? फरहीन म्हणाली, मीच अल्ताफला फोन केला, तुझ्या अब्बूंना सांग, एकदा हरा. तुमी जिंकायची वाट बघितली असती तर माझं लगीन झालंच नसतं, अब्बा.

जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता भिगवणचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं होतं. नमाजनंतर खाजाभाईंचा फोन आला, व्याही, कुठवर आलाय? गेलो. मुलीच्या सासरी नाही म्हणता येत नाही.

मी म्हणालो, तारीख ठरली, हॉल ठरला, आता कशाला खेळायचं? ते फासे पुसत होते. म्हणाले, अल्ताफ फरहीनला बी संगट न्हेतोय मस्कतला. कंपनीनं घर दिलंय. तुमाला सांगायचं तिच्या जिवावर आलंय, म्हनून मी सांगतोय.

लग्न झाल्यावर ती इथं राहील, शुक्रवारी भेटेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती तारीख मिळावी म्हणून मी इतके शुक्रवार त्या सोफ्यावर काढले.

खाजाभाईंनी फासे खाली ठेवले. मग म्हणाले, पोरगा माझा बी जातोयच की. आणि पट मांडला.